एचेवेरिया आडनावाचे मूळ कसे शोधावे: स्पॅनिश कुटुंबाच्या इतिहासाकडे नेणारी वाट

एचेवेरिया हे आडनाव १९७० ते १९७६ या काळातले मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेरिया यांचे होते, अर्जेंटिनाचे एकोणिसाव्या शतकातले कवी एस्तेबान एचेवेरिया यांचे होते, आणि वेगळ्या रूपात ते गोव्यातल्या घराघरांत पोहोचलेले आहे. कारण सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या नावातला ‘झेवियर’ याच मुळातून फुटलेला आहे. स्पेन-फ्रान्स सीमेवरच्या बास्क भाषेत ‘एचे’ म्हणजे घर, ‘बेरी’ म्हणजे नवे आणि शेवटचा ‘आ’ हा निश्चितता दाखवणारा प्रत्यय. नवे घर, एवढाच या आडनावाचा अर्थ. हा अर्थ कोणत्याही संकेतस्थळावर दोन मिनिटांत सापडतो आणि बहुतेकांचा शोध तिथेच थांबतो. एखाद्या कुटुंबाचा इतिहास हवा असेल, तर विचारायचा प्रश्न पुढचा आहे: कोणत्या गावातले, कोणत्या दरीतले नवे घर? पुढे दिलेली पद्धत एचेवेरियाच्या उदाहरणाने सांगितली असली, तरी तिचा बराचसा भाग इतर स्पॅनिश आडनावांनाही लागू पडतो.

घरावरून आडनाव

स्पेनमधली सर्वाधिक आढळणारी आडनावे, म्हणजे फेर्नांदेस, गोन्सालेस, रोद्रिगेस, सांचेस ही मंडळी, वडिलांच्या नावावरून झालेली आहेत. शेवटचा ‘एस’ हा प्रत्यय ‘अमक्याचा मुलगा’ असे सांगतो. बास्क प्रदेशात, म्हणजे बिस्काया, गिपुस्कोआ, आलावा आणि नाव्हाराच्या उत्तर भागात, रीत निराळी होती. तिथल्या ग्रामीण जीवनाचा कणा शेतघर हा होता. घराला नाव असे आणि घरातल्या माणसांना घराचे नाव लागे. डोंगरावरचे घर, गिरणीजवळचे घर, वरचे घर, मोठे घर अशी ही नावे असत. १९०४ साली साहित्याचे नोबेल मिळवणारे होसे एचेगाराय यांच्या आडनावातही हेच ‘एचे’ आहे. तिथे ते उंचावरचे घर आहे. आलावा प्रांतात तर दोन्ही रीती एकत्र येऊन ‘ओर्तिस दे साराते’ यासारखी जोड आडनावे झाली, ज्यांत आधी पित्याचे नाव आणि मागे गाव येते.

या व्यवस्थेत घर आणि जमीन बहुधा अखंड एकाच वारसाकडे जात असे. बाकीची भावंडे आपला वाटा घेऊन बाहेर पडत: कोणी दुसऱ्या घरात लग्न करून जाई, कोणी दर्यावर, कोणी चर्चमध्ये, कोणी अमेरिकेला. वारस मुलगी असेल तर जावई तिच्या घरी येऊन राही आणि लोक त्याला त्याच घराच्या नावाने ओळखू लागत. खंडाने राहायला आलेल्या कुटुंबालाही पंधराव्या-सोळाव्या शतकात कित्येकदा घराचेच नाव चिकटे. त्यामुळे एकाच घराचे नाव लावणाऱ्या दोन पिढ्यांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. शिवाय नवे घर तर प्रत्येक दरीत कोणी ना कोणी बांधलेलेच असते, म्हणून एचेवेरिया नावाची घरे अनेक गावांत स्वतंत्रपणे निर्माण झाली आणि त्यांतून एकमेकांशी काहीही संबंध नसलेली कुटुंबे पसरली. आपल्याकडेही गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव होते, पण त्या गावचे सारे ‘कर’ एका पूर्वजाचे वंशज आहेत असे कोणी समजत नाही; इथेही तोच विवेक बाळगावा.

फ्रान्सिस झेवियर यांच्या घराचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते. ७ एप्रिल १५०६ रोजी नाव्हारातल्या हाविएर या गढीत त्यांचा जन्म झाला. वडील हुआन दे हासो हे नाव्हाराच्या राजमंडळाचे अध्यक्ष होते. आई मारिया दे आस्पिलिकुएता ही हाविएरच्या गढीची वारस. म्हणजे ज्या नावाने हे संत जगभर ओळखले जातात, ते त्यांच्या वडिलांचे आडनाव नव्हे. ते आईकडून आलेल्या वास्तूचे नाव आहे. त्यांच्या सख्ख्या भावाला, कॅप्टन हुआनला, आस्पिलिकुएता या नावाने ओळखत, आणि १५३५ मध्ये पॅरिसहून फ्रान्सिस यांनी त्याला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. एकाच आईबापांच्या पोटी जन्मलेल्या भावंडांची आडनावे अशी वेगळी असणे हा सोळाव्या शतकातला सर्वसाधारण व्यवहार होता. म्हणूनच १६५० च्या अलीकडे आडनावावर विसंबून मागे जाता येते, पण त्याच्या पलीकडे गेल्यावर आडनाव बाजूला ठेवून आईबाप, गाव आणि घर यांचाच धागा धरावा लागतो.

रूपांची यादी आधी तयार करावी

कोणत्याही नोंदवहीला हात घालण्यापूर्वी आडनावाची जितकी रूपे होऊ शकतात तितकी लिहून काढावीत. पश्चिमेकडच्या बास्क बोलीत ‘बेरी’ऐवजी ‘बारी’ म्हणतात, म्हणून बिस्कायात एचेवारिया हे रूप अधिक आढळते आणि तिथल्या दोन नगरपालिकांची नावे एचेबारी आणि एचेबारिया अशीच आहेत. गिपुस्कोआ आणि नाव्हारात एचेवेरिया. आरंभीचा ‘ए’ गळून चावारी आणि चावारिया ही आडनावे झाली. नाव्हारा आणि आरागोन यांच्या सीमेवर लॅटिनमधून निघालेल्या रोमान्स बोली बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘बेरी’चे ‘बिएर’ झाले. त्यातून नाव्हारात हाविएर आणि आरागोनमध्ये हाविएरे ही गावांची नावे घडली. फ्रान्सच्या बाजूच्या बास्क प्रदेशात हेच आडनाव एचेवेरी म्हणून भेटते.

लेखनातले फरक तर याहून जास्त. जुन्या कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश, लेखनात ‘च’साठी सी आणि एच ही अक्षरे येतात, फ्रान्समध्ये त्यांच्याआधी टी लागतो, आजच्या प्रमाण बास्क लेखनात टी आणि एक्स. व्ही आणि बी यांचा उच्चार स्पॅनिशमध्ये सारखाच असल्याने लेखनिक दोन्ही वापरत. कधी सुरुवातीला अनुच्चारित एचही जोडत. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या बास्क भाषेच्या अकादमीने प्रमाण रूपे निश्चित केली आहेत, आणि १९९९ च्या कायद्याने नागरिकांना आपले आडनाव त्या प्रमाण लेखनात बदलून घेण्याची मुभा दिली. परिणामी आजोबा सी-एच लिहिणारे आणि नात टी-एक्स लिहिणारी असे एकाच घरात दिसू शकते. संगणकीय सूचीत शोधताना प्रत्येक रूप वेगळे टाकून पाहावे. एकाच रूपावर थांबल्याने सख्खी भावंडेही हातून निसटतात.

जवळच्या माणसापासून मागे जावे

स्पेनमध्ये प्रत्येकाची दोन आडनावे असतात: परंपरेने पहिले वडिलांचे पहिले आडनाव आणि दुसरे आईचे पहिले आडनाव. लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलत नाही. वंशावळ शोधणाऱ्याला यासारखे दुसरे वरदान नाही, कारण आजीचे, पणजीचे माहेरचे नाव नोंदीत कायम राहते आणि एचेवेरिया नावाच्या अनेक हुआनांमधून आपला हुआन त्याच्या दुसऱ्या आडनावाने वेगळा काढता येतो. अलीकडच्या नोंदींत मात्र क्रम तपासावा. १९९९ पासून आईवडिलांना क्रम ठरवता येतो आणि ३० जून २०१७ पासून वडिलांच्या आडनावाला कायद्याने मिळणारे प्राधान्यही संपले.

पहिला अधिकृत आधार म्हणजे नागरी नोंदणी. १८७० च्या कायद्याने ती स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७१ पासून स्पेनभर सुरू झाली. जन्म, विवाह किंवा मृत्यूच्या दाखल्यासाठी स्पेनच्या न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून अर्ज करता येतो आणि त्याला शुल्क लागत नाही. अर्जात एक गोष्ट आवर्जून पाहावी: दाखला ‘लितेराल’, म्हणजे मूळ नोंदीची शब्दशः नक्कल, असाच मागवावा. संक्षिप्त उताऱ्यात फक्त नाव, तारीख आणि आईवडील येतात. शब्दशः नकलेत बहुधा चारही आजी-आजोबांची नावे आणि ते कुठले राहणारे होते हेही असते. एका कागदात दोन पिढ्या आणि चार गावे मिळतात, म्हणून ही नक्कल हाती येईपर्यंत पुढे जाण्याची घाई करू नये.

कुटुंब अमेरिका खंडात किंवा अन्यत्र असेल आणि स्पेनमधले गाव माहीतच नसेल, तर स्पेनच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या संकेतस्थळावरील आडनावांची सोय वापरावी. देशभरात किमान २० जणांचे असलेले आडनाव तिथे प्रांतवार कुठे किती आढळते हे दिसते. एचेवेरिया, एचेवारिया आणि चावारी ही तीन रूपे एकापाठोपाठ टाकून पाहिली, तर आपण कोणत्या भागाकडे वळावे याचा अंदाज येतो. हा अंदाजच, आजची लोकसंख्या शहरांकडे सरकलेली असल्याने माद्रिद आणि बार्सेलोना यांचे आकडे बाजूला ठेवूनच तो बांधावा.

चर्चच्या वह्या

१८७१ च्या मागे गेल्यावर गावच्या चर्चच्या वह्यांशिवाय तरणोपाय नाही. कार्डिनल सिस्नेरोस यांनी तोलेदोच्या धर्मप्रांतात १४९७ आणि १४९८ च्या सभांमधून बाप्तिस्म्याच्या वह्या ठेवण्याचा आदेश दिला होता, आणि १५६३ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने बाप्तिस्मा व विवाह यांच्या नोंदी सर्वत्र बंधनकारक केल्या. बहुतेक गावांत सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनच्या वह्या मिळण्याची आशा धरता येते. (याच सिस्नेरोस यांच्या हुकमाने १५१६ मध्ये हाविएरची गढी पाडून निकामी करण्यात आली, हेही जाता जाता नोंदवण्यासारखे आहे.)

बास्क प्रांतांच्या बाबतीत शोधकाचे नशीब बलवत्तर आहे. तिथल्या धर्मप्रांतांच्या नोंदींची सूची ‘दोकुक्लिक’ या सार्वजनिक संकेतस्थळावर आहे आणि घरबसल्या विनामूल्य पाहता येते. बिस्कायाच्या मूळ वह्या देरियो इथल्या चर्चच्या अभिलेखागारात आहेत. नाव्हारासाठी पाम्प्लोनाच्या धर्मप्रांताकडे जावे लागते. शंभर वर्षांच्या आतल्या नोंदी साधारणपणे दाखवल्या जात नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची बाप्तिस्म्याची नोंद हाती आली की ती कशी वाचावी हे एकदा नीट समजून घेतले, तर पुढच्या शंभर नोंदी सोप्या जातात. आरंभी तारीख अक्षरांत आणि पाद्रीचे नाव येते. मग बाळाचे नाव, त्यानंतर ‘इहो लेखितिमो दे’ म्हणजे अमुक दांपत्याचे औरस अपत्य. आईवडिलांपुढे ‘नातुराल दे’ आले तर ते जन्मगाव आणि ‘वेसिनो दे’ आले तर ते राहते गाव. या दोहोंत गल्लत झाली की शोध भलत्याच दरीत जातो. त्यापुढे ‘आबुएलोस पातेर्नोस’ आणि ‘आबुएलोस मातेर्नोस’, म्हणजे वडिलांकडचे आणि आईकडचे आजी-आजोबा, गावांसह. शेवटी धर्मपिता आणि धर्ममाता. ही शेवटची नावे वगळू नयेत. पुष्कळदा ते काका-मामा असतात आणि त्यांच्या गावावरून कुटुंब मूळचे कुठले हे कळते. मागे जावे तसा मजकूर आटत जातो: सतराव्या शतकात आजी-आजोबा बहुधा नसतात, सोळाव्यात कधी कधी आईचे पूर्ण नावही नसते. नावे आखूड लिहिण्याची प्रथा होती. मारिया म्हणजे नुसता एम आणि त्याच्या डोक्यावर छोटासा ए. अठराव्या शतकातल्या वह्यांपासून सुरुवात करून एकेका पाद्रीच्या हस्ताक्षराची सवय करत मागे सरकावे. सोळाव्या शतकातले जोडून काढलेले कचेरीचे अक्षर पहिल्याच दिवशी वाचायला घेतले तर हुरूप जातो.

नोटरीचे कागद आणि कुलीनतेचे दावे

चर्चची वही माणूस दाखवते, घर दाखवत नाही. घरापर्यंत पोहोचण्यासाठी नोटरीकडचे विवाहकरार पाहावेत. अनेकदा लग्नाच्या वेळीच आईबाप घर एका मुलाला किंवा मुलीला देत, स्वतःच्या म्हातारपणाची तजवीज लिहून घेत आणि बाकीच्या भावंडांना किती रक्कम द्यायची हे ठरवत. अशा एका करारात घराचे नाव, वारस आणि बाहेर पडणारी भावंडे सारीच सापडतात. गिपुस्कोआचे असे जुने कागद ओन्याती इथल्या अभिलेखागारात आहेत. बिस्कायासाठी १७०४ ची घरमोजणी उपयोगी पडते. तीत घरे आणि त्यांचे मालक नोंदलेले आहेत. नाव्हारासाठी १३६६ ची चुलींची मोजणी आहे, जी पाम्प्लोनाच्या शाही अभिलेखागारात जपलेली आहे.

याहून मोठा खजिना बायादोलिदच्या जुन्या राजदरबारी न्यायालयाच्या अभिलेखागारात आहे, आणि तो का निर्माण झाला हे समजून घेतल्याशिवाय त्याचा उपयोग करता येत नाही. स्पेनच्या मध्य भागातल्या कॅस्टिल राज्यात हिदाल्गो म्हणजे कुलीन माणसाला ठरावीक कर माफ असत. १५२६ च्या बिस्कायाच्या संहितेने तिथल्या सर्व मूळ रहिवाशांना कुलीन मानले होते आणि गिपुस्कोआतही तीच भूमिका होती. त्या प्रांतातला मनुष्य जेव्हा बुर्गोस किंवा लोग्रोन्योकडे येऊन स्थायिक होई आणि तिथले गावकारभारी त्याच्याकडे कर मागत, तेव्हा त्याला आपण अमुक घरातून आलो आहोत हे सिद्ध करावे लागे. तो दावा ताहो नदीच्या उत्तरेकडच्या प्रदेशासाठी बायादोलिदच्या न्यायालयात चाले. बिस्कायाच्या लोकांसाठी तर तिथे स्वतंत्र न्यायकक्ष होता. दाव्यात मूळ गावच्या वृद्ध साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या जात: याच्या आजोबाला ओळखत होतात काय, तो कोणत्या घरात जन्मला, ते घर कुठे आहे. कर चुकवण्याच्या किंवा वसूल करण्याच्या धडपडीने तीन पिढ्यांचा इतिहास साक्षीपुराव्यासह लिहून ठेवला गेला. स्पेनच्या सरकारी अभिलेखागारांच्या ‘पारेस’ या संकेतस्थळावर आडनाव आणि गाव टाकून या दाव्यांची सूची पाहता येते. नाव्हाराचे स्वतःचे न्यायालय होते, त्यामुळे तिथले दावे पाम्प्लोनात शोधावेत.

इतर प्रांतांच्या मार्गदर्शनात १७४९ मध्ये हाती घेतलेल्या, मंत्री एन्सेनादा यांच्या मालमत्ता-पाहणीचे नाव हमखास येते. ती पाहणी बास्क प्रांतांत आणि नाव्हारात झालीच नाही. कुटुंब आधीच कॅस्टिलमध्ये उतरलेले असेल तरच तिच्याकडे वळावे.

समुद्रापलीकडच्या शाखा

कुटुंब अमेरिकेत गेले असेल तर सेव्हिलमधल्या इंडीज, म्हणजे स्पेनच्या समुद्रापलीकडच्या वसाहतींच्या, अभिलेखागाराची कागदपत्रे तपासावीत. १५०३ मध्ये सेव्हिलमध्ये व्यापारगृह स्थापन झाले आणि नव्या जगाकडे जाणाऱ्याला तिथून परवाना घ्यावा लागे. १७१७ मध्ये ते कादिसला हलले. परवान्याच्या सूचीतली नोंद लहान असते, पण नेमकी: नाव, गाव, आईवडील आणि कुठे निघाला. पेरूमधल्या किंवा मेक्सिकोतल्या कुटुंबाला बास्क प्रदेशातल्या एका गावाशी जोडणारा हा एकमेव दुवा असू शकतो. नोंद सापडली नाही म्हणून माणूस गेलाच नाही असे ठरवू नये. खलाशी म्हणून किंवा परवान्याशिवाय जाणारेही पुष्कळ होते. एकोणिसाव्या शतकात अर्जेंटिना आणि उरुग्वेला गेलेल्यांसाठी आधी तिकडच्या चर्चमधली विवाहाची नोंद पाहावी, कारण वर मूळचा कुठला हे तिथे विचारले जाई.

फिलिपिन्समध्ये मात्र सावध राहावे. १८४९ मध्ये गव्हर्नर-जनरल नार्सिसो क्लावेरिया यांनी छापील यादीतून तिथल्या कुटुंबांना आडनावे वाटण्याचा हुकूम काढला. तिथल्या स्पॅनिश आडनावावरून स्पेनमधला पूर्वज गृहीत धरता येत नाही.

गोव्याच्या वाचकांसाठीही हीच सूचना आहे. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले, आणि त्यांच्या नावाने बाप्तिस्मा घेण्याची प्रथा गोव्यात आणि वसईकडे रुजली. एखाद्या कुटुंबाचे आडनाव आज झेवियर असेल, तर ते संतावरच्या श्रद्धेतून आलेले असते. नाव्हारातल्या गढीशी त्याचा रक्ताचा संबंध जोडण्यास आधार नाही. गोव्यातली फर्नांडिस, रॉड्रिग्ज ही आडनावे पोर्तुगीज वाटेने, बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली आहेत, म्हणून त्यांचा शोध स्पेनच्या अभिलेखागारांत न करता गोव्यातल्या चर्चच्या वह्यांत करावा. एक गोष्ट मात्र खरोखर जपली गेली आहे: सोळाव्या शतकातल्या स्पॅनिशमध्ये एक्स या अक्षराचा उच्चार ‘श’ होता. स्पेनमध्ये तो पुढे बदलून नाव ‘हाविएर’ झाले. पोर्तुगीज आणि कोकणी जिभेवर ‘शाविएर’ कायम राहिले. संताच्या घरी त्यांना जसे हाकारत असतील, त्याच्या जवळचा उच्चार आज गोव्यात ऐकू येतो.

मानचिन्हांविषयी

आडनाव सांगितले की रंगीत ढाल छापून देणारी दुकाने स्पेनच्या प्रत्येक पर्यटनस्थळी आहेत. मानचिन्ह आडनावाचे नसते. ते विशिष्ट घराण्याचे किंवा घराचे असते. वेगवेगळ्या एचेवेरिया घरांची चिन्हे वेगवेगळी आहेत आणि अनेक घरांना ती नव्हतीच. आपले कुटुंब कोणत्या घरातून निघाले हे कागदांनी सिद्ध झाल्यावर त्या घराच्या दारावरच्या दगडी ढालीकडे अभिमानाने पाहावे; त्याआधी ती विकत घेऊ नये.

शोध चालू असताना प्रत्येक नोंदीबरोबर अभिलेखागाराचे नाव, वहीचा क्रमांक, पान आणि नोंदीतले आडनावाचे जसेच्या तसे लेखन टिपून ठेवावे, आणि सिद्ध झालेली पिढी व केवळ संभवनीय वाटणारी पिढी वेगवेगळ्या शाईने लिहावी. चर्चच्या वह्या संपल्या, नोटरीचे कागद संपले आणि तरीही मूळ घर ठरले नाही, तर ज्या गावापर्यंत पुरावा पोहोचला त्या गावाचे नाव शेवटच्या ओळीत लिहावे आणि त्या गावातल्या एचेवेरिया नावाच्या घरांची यादी त्याखाली जोडावी. पुढचा विवाहकरार हाती लागला की तपासणी तिथूनच सुरू करता येते.